पेटीतील माशी आणि रानातील माशी

'मधमाशी वाचवा' ही हाक आता आपल्या कानांना सवयीची झाली आहे. २००६-०७ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील मधपाळांच्या पेट्या एकाएकी ओस पडू लागल्या. त्या अनाकलनीय प्रकाराला 'कॉलनी कोलॅप्स डिसऑर्डर' असे नाव मिळाले आणि तेव्हापासून जगभरच्या वृत्तपत्रांत मधमाशीविषयीची चिंता वारंवार उमटत राहिली. माशी गेली तर मानवजातही फार काळ टिकणार नाही, असे एक भाकीत आइनस्टाइनच्या नावे फिरू लागले. ते त्याने कधी केल्याचा पुरावा नाही. पुढे २० मे हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी 'जागतिक मधमाशी दिन' म्हणून मान्य केला आणि २०१८ पासून तो पाळला जाऊ लागला. अठराव्या शतकातील स्लोव्हेनियन मधपाळ आंतोन यान्शा याच्या स्मरणार्थ ही तारीख निवडलेली आहे. म्हणजे परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठी जगाने जो दिवस राखून ठेवला, तोही एका मधपाळाच्या नावाशी जोडलेला आहे.

या साऱ्या गलबल्यात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला असे आम्हाला वाटते. वाचवायची ती कोणती माशी? पेटीतली, की रानातली? आणि पेटीतल्या माशीचा जो धनी, त्याला रानातल्या माशीविषयी नेमके काय वाटत आले आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा ऐतिहासिक मागोवा घ्यायचा आहे. त्यासाठी आम्ही मुख्यतः भारताकडे, आणि त्यातही सह्याद्रीकडे पाहणार आहोत. कारण पाळीव आणि रानटी यांमधली सीमारेषा इथे इतकी पुसट आहे की, युरोपातून आलेली संवर्धनाची भाषा इथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

अनेक माश्या, एक शब्द

आपल्याकडे मध साठवणाऱ्या माश्या ठळकपणे चार प्रकारच्या. उंच कड्यावर किंवा झाडाच्या आडव्या फांदीला एकच विस्तीर्ण पोळे लटकवणारी आग्या. झुडपात हाताच्या पंजाएवढे इवलेसे पोळे बांधणारी फुलोरी. झाडाच्या ढोलीत, वारुळात किंवा भिंतीच्या पोकळीत एकामागे एक समांतर पोळी बांधून राहणारी सातेरी. आणि नांगी नसलेल्या, भिंतींच्या फटींतून डिंक-मेणाची घरे करणाऱ्या बारीक माश्या. यांपैकी आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळे बांधतात, म्हणून त्यांना पेटीत कोंडता येत नाही. अंधाऱ्या पोकळीत राहण्याची सवय असलेली सातेरीच तेवढी पेटीत नांदते. नांगी नसलेल्या माश्यांनाही मडक्यात वा लहान खोक्यात ठेवण्याची रीत आहे, पण त्यांचा मध अगदी थोडा. पाचवी माशी युरोपातून आलेली मेलिफेरा. तिची हकीकत पुढे येईल.

मध न साठवणाऱ्या, एकेकट्याने राहणाऱ्या माश्यांची तर गणतीच वेगळी. जगात रानमाश्यांच्या २० हजारांहून अधिक जाती आहेत, असे जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने (आयपीबीईएस) २०१६ च्या अहवालात नोंदवले आहे. त्यांतील बहुसंख्य माश्या पोळे करीत नाहीत, मध देत नाहीत आणि म्हणून माणसाच्या हिशेबात येत नाहीत. लाकूड पोखरून घर करणारा काळा भुंगा हा त्यांतला आपल्या ओळखीचा. वांग्याच्या फुलात पराग नळीसारख्या परागकोशात बंद असतो. भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा तो पराग बाहेर उडतो. ही थरथर मधमाशीला साधत नाही. टोमॅटोलाही तिचा फायदा होतो. तेव्हा पेट्या कितीही ठेवल्या तरी वांग्याच्या फुलाचे हे काम भुंग्यासारख्या रानमाश्यांकडेच राहते.

जुन्या वाङ्मयाला हे वैविध्य ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत. पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक अशी त्यांतली नावे पाहिली की ध्यानात येते, की वर्गीकरणाचा आधार फूल नसून कीटक आहे. मध कोणी केला यावर त्याचे गुण ठरत. कालिदासाच्या शाकुंतलात नायिकेला सतावणारा भ्रमर सर्वांच्या परिचयाचा आहे. पण आम्हाला त्याहून मोलाचे वाटते ते ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातील निरीक्षण. कोरडे काष्ठ कोरून काढणारा भ्रमर कोवळ्या कळीत अडकून पडतो, हा तिथला दृष्टान्त अर्जुनाच्या मोहासाठी आला आहे. कमळात कोंडला गेलेला भ्रमर हा संस्कृत काव्याचा जुना संकेत असेल; पण लाकूड पोखरणारा भ्रमर कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेला आहे. तेराव्या शतकातील मराठी भाषेला मध न देणारा परागवाहक माहीत होता. आजच्या 'मधमाशी वाचवा' या घोषणेत त्याला जागा नाही.

मध कोणाचा, माशी कोणाची

भीमबेटका आणि पचमढी परिसरातील शैलचित्रांत मध काढणारी माणसे दिसतात. मध गोळा करणे हा माणसाचा शेतीहूनही जुना उद्योग आहे. रामायणाच्या सुंदरकांडात सुग्रीवाच्या मधुवनाची कथा आहे. दधिमुखाच्या पहाऱ्यात राखलेले ते मधाचे वन, सीतेच्या शोधाहून परतलेल्या वानरांनी आनंदाच्या भरात लुटले. राखलेले मधुवन आणि त्याची लूट ही जोडी आपल्या वाङ्मयात इतकी जुनी आहे.

रानातून मध काढणाऱ्यांची रीत मात्र नुसत्या लुटीची नव्हती. नीलगिरीतील कुरुंब कड्यांवरून वेलींच्या शिडीने उतरून आग्याचा मध काढतात. कोणत्या कड्यावर कोणत्या कुळाचा हक्क, केव्हा उतरायचे, त्यापूर्वी कोणते विधी पाळायचे, याचे त्यांच्यात नियम आहेत. कोटगिरी येथील कीस्टोन फाउंडेशनने १९९० च्या दशकापासून या परंपरांच्या नोंदी केल्या आहेत. सुंदरबनात वाघाच्या भयातही चैत्र-वैशाखात परवाना घेऊन मौआल मध काढायला जातात. या लोकांचे वर्णन 'संवर्धक' या आधुनिक शब्दाने करणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. पण ज्या कड्यावर पुढल्या वर्षीही उतरायचे आहे, तो कडा ओस पडू नये एवढी समज या नियमांत निश्चित होती. जिथे हक्क सैल झाले आणि मध व्यापाऱ्याच्या मापाने मोजला जाऊ लागला, तिथे ती समजही विरळ झाली. आपला नाही तर दुसऱ्या कोणाचा, मग आजच का सोडा, असा विचार बळावला. मशाल लावून सबंध पोळे जाळायचे, मधाबरोबर अंडी-अळ्यांचा भागही पिळायचा, ही रीत अनेक ठिकाणी रूढ झाली.

या बदलात कायद्याचाही हात होता. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने 'वनोपज' या शब्दाच्या व्याख्येत जंगलात सापडणारा मध आणि मेण यांचा समावेश केला. २००६ च्या वनाधिकार कायद्याने गौण वनोपजावरचा वननिवासींचा हक्क मान्य केला, तेव्हाही व्याख्येत मधाचे नाव आहे. एका कायद्याने मध सरकारचा केला, दुसऱ्याने तो आदिवासींना परत दिला. दोन्ही कायद्यांना मध दिसतो; तो करणारी माशी त्यांच्या व्याख्यांत कुठेच नाही.

पेटीचा सुधारक

आधुनिक मधमाशीपालनाचा पाया १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथने घातला. दोन पोळ्यांमध्ये सहा ते नऊ मिलिमीटरांची वाट मोकळी ठेवली, तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले. त्यातून सुट्या चौकटींची पेटी जन्मली. १८६५ मध्ये ह्रुश्काने मध काढण्याचे फिरते यंत्र केले आणि पोळे न मोडता मध मिळू लागला. भारतात १८८० च्या दशकात जॉन डग्लस या टपाल-तार खात्यातील अधिकाऱ्याने प्रयोग केले व पुस्तिका लिहिली. १९१० च्या दशकात दक्षिणेत फादर न्यूटन यांनी सातेरीला मानवेल अशी लहान पेटी तयार करून खेड्यापाड्यांतल्या लोकांना शिकवले. मार्तंडमच्या ग्रामसुधार केंद्रात स्पेन्सर हॅच यांनी तेच काम पुढे नेले. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि वर्ध्याच्या मगनवाडीत घाणीचे तेल, हातकागद यांच्या पंक्तीला मधमाशीपालन येऊन बसले.

या टप्प्यावर मधपाळाच्या मनोवृत्तीत एक मोठे वळण आले. जैन परंपरेने मद्य आणि मांस यांच्या जोडीला मधु वर्ज्य मानला, कारण त्यामागे जीवहत्या आहे. पेटीने या आक्षेपाला उत्तर दिले. अळ्या पिळल्या जात नाहीत, पोळे मोडत नाही, माशी मरत नाही. म्हणून हा मध अहिंसक. गांधीविचारात वाढलेल्या कार्यकर्त्यांना हा युक्तिवाद मनापासून पटला आणि तो खोटाही नव्हता. पण त्याची दुसरी बाजू अशी की, त्यामुळे रानात मध काढणारा माणूस आपोआप हिंसक ठरला. पेटीवाला सुधारक, मशालवाला विध्वंसक, अशी विभागणी प्रचारसाहित्यात सोयीची होती. कड्यावरच्या नियमांची दखल घ्यायला त्यात वाव नव्हता.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हा सुधारक ज्या माशीला पाळत होता, ती त्याने आणली कुठून? रानातूनच. सातेरीची पेटी भरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ढोलीतली किंवा वारुळातली वसाहत शोधायची, तिची पोळी कापून चौकटींना बांधायची आणि राणीसकट माश्या पेटीत घ्यायच्या. सातेरी जरा बिनसले की पेटी सोडून पळते. पळाली की पुन्हा रानातली दुसरी वसाहत. म्हणजे अहिंसक मधाच्या मुळाशी रानातल्या भांडवलाची अखंड उचल होती. ज्या ढोलीतून वसाहत काढली तिच्या जवळपास नवे घर बसेल याची तजवीज करावी, हा विचार वसाहत पकडण्याच्या कौशल्याइतका कधी शिकवला गेला नाही.

महाबळेश्वर

या साऱ्याचे महाराष्ट्रातील क्षेत्र म्हणजे महाबळेश्वर. तत्कालीन मुंबई प्रांताच्या ग्रामोद्योग समितीने १९४६ च्या सुमारास तिथे संघटित कामाला आरंभ केला. पुढे मध उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि 'मधुसागर' हे नाव घरोघर पोचले. १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग आला. १९६२ साली आयोगाने पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन केली. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालयही महाबळेश्वरातच आहे. २०२२ मध्ये त्याच तालुक्यातील मांघर या खेड्याला 'मधाचे गाव' म्हणून जाहीर करण्यात आले.

महाबळेश्वरचा मधपाळ हा बहुधा अल्पभूधारक. पावसात जमीन धुऊन निघते, नाचणी-वरीपलीकडे फारसे पिकत नाही. त्याच्या दृष्टीने पिसा, जांभूळ, गेळा, हिरडा ही झाडे म्हणजेच त्याचे शेत. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. त्या वर्षीच्या गडद, दाट मधाची तो वाट पाहतो. इथे आम्हाला मधपाळाच्या स्वभावाची सर्वांत उजळ बाजू दिसते. कोणत्या उतारावर कोणते झाड कोणत्या पंधरवड्यात फुलते याचे ज्ञान त्याच्याइतके फार थोड्यांना असते, आणि झाड तुटले तर आपले काय जाते हे त्याला तत्काळ कळते. जळणासाठी वा बांधकामासाठी रान उघडे होऊ लागले की, ज्याच्या पोटाला प्रथम चिमटा बसतो तो मधपाळ. २००१ मध्ये केंद्राने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. त्याच्या कितीतरी आधीपासून मधाचे रान राखावे हा आग्रह या धंद्याच्या स्वार्थातच होता. आग्या, भुंगा आणि एकेकट्या माश्या याच फुलांवर जगतात. मधपाळाने स्वतःच्या माशीसाठी राखलेले झाड त्याने न मागता सर्वांसाठी राखले जाते.

तरीही मधपाळाच्या पाठ्यपुस्तकांत एक प्रकरण हमखास असते: 'मधमाशांचे शत्रू'. त्यात मेणपतंग, मुंग्या, गांधीलमाशी, वेडा राघू, कोतवाल अशी यादी येते. पेटीच्या दृष्टीने ती बरोबरच आहे. पण याच यादीमुळे मधपाळ रानाकडे दोन नजरांनी पाहायला शिकतो. रानातले फूल आपले, रानातला पक्षी परका. आणि रानातली माशी? ती पकडता आली तर आपली, नाही तर कोणाचीच नाही.

साथीचा धडा

१९९१-९२ मध्ये दक्षिण भारतातील सातेरीवर एक संकट आले. 'थाई सॅकब्रूड' या विषाणूने अळ्या मरू लागल्या. हा विषाणू प्रथम १९७० च्या दशकात थायलंडमध्ये आढळला होता. केरळ, तमिळनाडू, कर्नाटकातील पेट्यांपैकी बहुतांश अल्पावधीत रिकाम्या झाल्या. रबराच्या मळ्यांतून मध काढणारी मार्तंडम-कन्याकुमारीकडची हजारो कुटुंबे उघडी पडली.

त्यानंतर जे घडले ते दोन वाटांनी घडले. एक वाट मेलिफेराची. १९६० च्या दशकात पंजाब कृषी विद्यापीठाचे प्रा. अटवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यातील नगरोटा येथे ही माशी यशस्वीपणे रुजवली होती. ती पेटी सोडून सहसा पळत नाही, सातेरीच्या काही पट मध देते, ट्रकमधून मोहरीवरून सूर्यफुलावर नेता येते. साथीनंतर दक्षिणेनेही तिचा आधार घेतला. दुसरी वाट रानातून आली. ज्या थोड्या वसाहती साथीतून तगल्या, त्यांची प्रजा हळूहळू वाढली, आणि काही वर्षांनी सातेरी पुन्हा पेट्यांत दिसू लागली. औषधाने हा विषाणू बरा होत नव्हता. ज्या माश्यांना तो सोसवला, त्यांच्यावरच सातेरीचे पुनरुज्जीवन झाले.

अमेरिकेत थॉमस सीली यांनी आर्नोट जंगलातील रानटी वसाहतींची १९७८ आणि २००२ मध्ये पाहणी केली. मधल्या काळात व्हॅरोआ नावाच्या गोचिडीने पेट्यांची दैना केली होती. जंगलातील वसाहतींची दाटी मात्र जवळपास तेवढीच आढळली. ही व्हॅरोआ मूळची सातेरीच्या कुळातील आशियाई माशीवरची. तिच्याशी या माशीने केव्हाच जमवून घेतले होते. मेलिफेराला आशियात आणून माणसानेच गोचिडीला नवे घर मिळवून दिले. या दोन्ही हकीकतींचा अर्थ एकच आहे. मधपाळासाठी रान म्हणजे केवळ फुलोरा आणि फुकटच्या वसाहती नव्हेत. रान हा त्याच्या धंद्याचा विमा आहे. आश्चर्य याचे वाटते की, एवढ्या मोठ्या साथीनंतरही आपल्या योजनांत या विम्याचा हप्ता कोणी धरला नाही. २०२० मध्ये केंद्राने मधमाशीपालनासाठी ५०० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, 'गोड क्रांती' हा शब्द रूढ झाला. पेट्यांची संख्या, मधाचे टन, निर्यात, यांत यश मोजले गेले. ढोली असलेली जुनी झाडे किती राहिली, हा आकडा कोणत्याही लक्ष्यात नव्हता.

शास्त्राचा आक्षेप

गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांचा सूर बराच बदलला आहे. २०१३ मध्ये ४१ पीकपद्धतींचा जगभर अभ्यास करून गरिबाल्डी व सहकाऱ्यांनी दाखवले, की पाळीव मधमाश्या असोत वा नसोत, रानटी कीटकांच्या भेटी वाढल्या की फळधारणा वाढते. म्हणजे पेटी रानमाशीची जागा भरून काढत नाही. आपल्याकडे कोडगूमधील रोबस्टा कॉफीवर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या स्मिता कृष्णन व सहकाऱ्यांच्या अभ्यासात फुलांवर सर्वाधिक आढळली ती आग्या. जिला पेटीत घालता येत नाही, जिच्या पोळ्याला गावकरी भितात आणि शहरातल्या सोसायट्या औषध मारून पाडतात, तीच आग्या.

२०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात गेल्डमन व गोन्झालेझ-वारो यांनी स्पष्टच लिहिले, की मधमाशीपालन हे पशुपालन आहे, वन्यजीव संवर्धन नव्हे; संरक्षित क्षेत्रांत पेट्यांची दाटी केली तर रानमाश्यांचे अन्न कमी होते. त्याआधी २०१७ मध्ये मॅलिंजर व सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा स्पर्धेविषयीच्या निम्म्याहून थोड्या अधिक अभ्यासांत रानमाश्यांवर प्रतिकूल परिणाम आढळला, उरलेल्यांत परिणाम नव्हता किंवा संमिश्र होता. मधपाळांना हा आक्षेप लागला, आणि त्यांची व्यथा समजण्यासारखी आहे. कीटकनाशकांविरुद्धची लढाई पहिल्यांदा लढले ते मधपाळच. फ्रान्समध्ये १९९० च्या दशकात सूर्यफुलाच्या बियाण्यावर नवे कीटकनाशक आले तेव्हा पेट्या रिकाम्या होत असल्याची ओरड त्यांनीच केली. १९९९ मध्ये तिथे सूर्यफुलावरचा त्याचा वापर स्थगित झाला आणि २०१८ मध्ये युरोपीय संघाने त्या गटातील तीन रसायनांचा उघड्या शेतातील वापर बंद केला. एकेकट्या रानमाशीच्या वतीने रस्त्यावर उतरायला कोण होते? तिचा कोणी धनी नाही, तिच्या मरणाने कोणाचे उत्पन्न बुडत नाही. धनी असलेल्या माशीने तिच्यासाठी साक्ष दिली.

तेव्हा मधपाळ हा संवर्धक की संकट, असा प्रश्न घालणेच आम्हाला चुकीचे वाटते. विष, वणवा, वृक्षतोड आणि एकसुरी पिके यांच्या बाबतीत पेटीतल्या आणि रानातल्या माशीचे हित एक आहे. तिथे मधपाळासारखा साक्षीदार नाही. पेट्यांची दाटी, परक्या माशीची ने-आण, रोगांचा प्रसार आणि रानातल्या वसाहतींची उचल यांच्या बाबतीत ते हित दुभंगते. तिथे मधपाळाचा शब्द अखेरचा मानता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी नांदतात. त्याला एकदम नायक किंवा खलनायक करून आपली सुटका होत नाही.

सह्याद्रीच्या संदर्भात हा विवेक आणखी बारकाईने करावा लागेल. युरोपातील शास्त्रज्ञांचा आक्षेप शेकडो पेट्या घेऊन फिरणाऱ्या धंद्याला आहे. महाबळेश्वरच्या रानात पाच-दहा सातेरीच्या पेट्या ठेवणारा शेतकरी त्या आक्षेपाचा विषय होऊ शकत नाही. त्याची माशी इथलीच, पेटीतून फुटून रानात जाणारी आणि रानातून पेटीत येणारी. त्याला जंगलाबाहेर काढून त्याच जंगलाच्या कडेला मेलिफेराच्या पेट्यांचे ट्रक उतरू देणे, हे शास्त्राच्या नावाखाली शास्त्राच्या उलट होईल. उलट 'सातेरी देशी आहे' एवढ्यावर तिच्या पेट्यांना कोणत्याही सड्यावर मोकळे रान देणेही बरोबर नाही. श्रावण-भाद्रपदात काही आठवडेच फुलणाऱ्या सड्यांवर कोणत्या रानमाश्या कोणत्या फुलांना जातात, हे आधी पाहिल्यावाचून तिथे पेट्या नेऊ नयेत.

यातून काही साध्या गोष्टी निघतात, आणि त्या करण्याजोग्या आहेत. सातेरीच्या वसाहती रानातून उचलण्याऐवजी पेटीतूनच विभागून वाढवण्याचे कौशल्य हे प्रशिक्षणाचे पहिले प्रकरण व्हावे. आग्याचे पोळे जाळण्याऐवजी त्याचा फक्त मध साठलेला वरचा भाग कापून अंडी-अळ्यांचा भाग तसाच ठेवण्याची पद्धत आज ठाऊक आहे. ती वापरणाऱ्या आदिवासीच्या मधाला वेगळा आणि वरचा भाव मिळावा. ढोली असलेले जुने झाड 'वठलेले' म्हणून तोडले जाऊ नये. आणि मधाच्या गावात मधाबरोबरच भुंग्यांची, फुलोरीची, आग्याच्या पोळ्यांचीही मोजदाद व्हावी. ती मोजदाद मधपाळाइतकी चांगली दुसरे कोणी करू शकणार नाही. रोज फुलांवर नजर ठेवण्याचा सराव त्यालाच आहे. आजवर त्याला फक्त स्वतःच्या माश्या मोजायला सांगितले गेले.

आयपीबीईएसच्या त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी तीन-चतुर्थांश पिके काही ना काही प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत. हा आकडा पेट्यांच्या प्रचारासाठी वारंवार वापरला जातो. पण त्यात केवळ पेटीतल्या माशीचे नव्हे, तर तिच्याबरोबर भुंगे, फुलपाखरे, पाकोळ्या, वटवाघळे आणि नाव नसलेल्या हजारो माश्या यांचे श्रम आहेत. मधपाळाला हे सांगावे लागत नाही. फुलावर आपल्या माशीशेजारी कोण बसले आहे हे तो रोज पाहतो. त्या शेजाऱ्यांना त्याच्या धंद्याच्या हिशेबात जागा कशी द्यायची, हे त्याच्याबरोबर बसून ठरवायचे काम अजून बाकी आहे.